भार टाकायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

या महिन्याच्या टपालात धीर, भरवसा आणि सांत्वन याविषयीची पत्रं जास्त होती. त्यांतली सात इथे घेतली आहेत. पत्रं संक्षिप्त केली आहेत आणि नावं छापलेली नाहीत. उत्तरं वाचताना बायबल शेजारी उघडं ठेवावं, कारण अर्धं उत्तर बहुधा आपल्याला पाठ असलेल्या वचनाच्या मागच्या-पुढच्या ओळींतच सापडतं.

प्रश्न : यजमानांना दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. मंडळीतल्या बहिणी म्हणतात, “भार प्रभूवर टाका, शांती मिळेल.” मी रोज टाकते आणि उठताना तोच भार घेऊन उठते. प्रार्थनेला बसलं की शब्द सुचत नाहीत, उलट राग येतो. माझा विश्वास कमी पडतोय का? – एक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर : नाही, ताई. तुम्हाला सांगितलेलं वचन स्तोत्र ५५ मधलं २२वं. त्याआधीच्या एकवीस वचनांत हाच माणूस भीतीनं थरथर कापतो आहे. पंख असते तर उडून दूर रानात गेलो असतो, असं तो म्हणतो (वचनं ६-७). १७व्या वचनात तर तो संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी देवापुढे कण्हतो. दिवसातून तीन वेळा! भार एकदा टाकला आणि हात झटकून मोकळा झाला, असं त्याचंही झालं नव्हतं. आणि देवानं तिथे शब्द दिलाय तो त्या माणसाला सांभाळण्याचा. भार नाहीसा करीन, असं त्या वचनात कुठेही नाही. दोन वर्षं तुम्ही उभ्या आहात, तेव्हा ते वचन तुमच्या बाबतीत खोटं ठरलेलं नाही.

रागाचं म्हणाल, तर दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यांतलं सर्वांत आटोपशीर स्तोत्र १३, अवघ्या सहा वचनांचं. पहिली दोन वचनं तक्रारीची; त्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. पुढची दोन मागणीची, शेवटची दोन भरवशाची. डायलिसिसची एक बैठक साधारण चार तासांची असते. यजमान मशीनवर स्थिर झाले की त्यातली दहा मिनिटं वही घेऊन बसा. देवाला हाक मारून सुरुवात करा. मग तक्रार लिहा, पण नेमकी लिहा. “फार त्रास होतो” असं लिहून मन हलकं होत नाही. “काल रात्री त्यांचे पाय सुजले, पाणी मागत होते आणि मला नाही म्हणावं लागलं” असं लिहिलं की होतं. मागणी फक्त आजच्या दिवसापुरती ठेवा. शेवटी भरवशाची एक ओळ लिहा. ती उद्याबद्दल नको, मागे घडून गेलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल असू द्या. ती सुचली नाही तर जागा कोरी सोडा.

इथे चूक होते ती पाचव्या वचनापासून सुरुवात करण्याची. लहानपणापासून आपल्याला स्तुतीनं प्रार्थना सुरू करायची सवय असते, त्यामुळे तक्रार म्हणजे पाप वाटतं. मग ओठांवर एक आणि पोटात दुसरंच, असं होऊन प्रार्थना नकोशी होते. अगदीच काही बोलवत नसेल त्या दिवशी स्तोत्र ८८ मोठ्यानं वाचा. त्यात शेवटपर्यंत उजेड येत नाही, शेवट अंधारातच होतो. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे.

आणखी एक. गेथशेमाने बागेत येशूनं एकट्यानं प्रार्थना केली असं आपण म्हणतो, पण त्याआधी त्यानं तिघांना सोबत नेऊन “इथे थांबा, जागे राहा” अशी विनंती केली होती (मार्क १४:३३-३४). तुम्हीही त्या बहिणींकडे नेमकं मागा. “काही लागलं तर सांगा” असं म्हणणाऱ्याला खरोखर काय द्यावं हे कळत नसतं. “गुरुवारी त्यांच्याजवळ तुम्ही बसाल का? सकाळी सात ते बारा” असं विचारलं की लोक सहसा हो म्हणतात.

प्रश्न : एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनाचं कार्ड उचललं, यिर्मया २९:११ आलं. देवाचे संकल्प हिताचे आहेत, भविष्य आणि आशा देणारे आहेत, हे वाचून फार आनंद झाला. मार्चमध्ये नोकरी गेली. अजून दुसरी मिळालेली नाही. देवानं शब्द मोडला, की मीच चुकीचं कार्ड उचललं? – एक बंधू, पिंपरी

उत्तर : कार्ड चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. कार्डावर मावेल तेवढंच वचन छापलं जातं आणि बाकीचं पत्र मागे राहतं.

यिर्मया २९ हे खरोखरचं पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सरानं यरुशलेमातून बाबेलला नेलेल्या लोकांना ते पाठवलेलं आहे. त्यांचं घर, काम, मंदिर, सगळं सुटलं होतं. त्याच्या आधीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना ते आवडलं असणार. यिर्मया त्याला खोटा ठरवतो आणि आपल्या पत्रात वेगळा आकडा देतो : सत्तर वर्षं (२९:१०). अकरावं वचन लगेच त्याच्या पुढे येतं. ज्यांनी ते पत्र प्रथम ऐकलं त्यांच्यातले बरेच जण परत यायच्या आत मरणार होते, आणि तरी देव त्यांना आशेबद्दल सांगत होता.

मग मधल्या काळात करायचं काय, तेही पत्रात आहे. पाचव्या ते सातव्या वचनांत घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, आणि ज्या शहरात नेलंय त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा असं सांगितलंय. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा. “देव दार उघडेल” म्हणत अर्ज थांबवू नका. आठवड्याचे अर्ज, फोन आणि भेटी वहीत मांडा. घरच्यांना हप्ते आणि शाळेच्या फीचा खरा आकडा सांगा. आपल्या क्षेत्रात काम करणाऱ्या मंडळीतल्या चार जणांना नोकरी गेल्याचं स्पष्ट सांगा. ही गोष्ट लपवणारे पुरुष आम्हाला फार भेटतात आणि लपवण्यात गेलेले महिने त्यांना महाग पडतात. कमी पगाराचं तात्पुरतं काम मिळालं तर ते घेण्यात अविश्वास नाही. बाबेलात लावलेला मळाही तात्पुरताच होता.

पुढच्या वर्षी कार्ड जरूर उचला. घरी आल्यावर मात्र त्या वचनाच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं वाचा. हे कुणाला लिहिलं, तेव्हा त्यांच्यावर काय आलं होतं, आणि लगेच पुढे त्यांना काय करायला सांगितलं, एवढं बघा. फिलिप्पै ४:१३ असं वाचून पाहा. “मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो” हे परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना लिहून देतात. पौल ते तुरुंगातून लिहितोय, आणि आधीच्या दोन वचनांत तो भूक आणि तृप्ती दोन्हींत राहायला शिकल्याचं सांगतो. लगेच चौदाव्यात तो म्हणतो की तरी तुम्ही माझ्या अडचणीत भागी झालात हे चांगलं केलंत. अठराव्यात एपफ्रदीताबरोबर आलेल्या मदतीची पोच आहे. सामर्थ्याचं हे वचन मदतीच्या पोचपावतीतलं आहे! यशया ४०:३१ मधला क्रमही बघा : उडणं, मग धावणं, मग चालणं. आपण उडण्यावर थांबतो. बेकारीच्या आठव्या महिन्यात थकून न पडता चालता आलं, तर ते वचन पुरेपूर पूर्ण झालं असं आम्ही समजतो.

प्रश्न : आईला लहान वयापासूनचा मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. प्रार्थना गटातले एक भाऊ म्हणतात, “बऱ्या झालात असं विश्वासानं धरा आणि सुया बंद करा. औषध चालू ठेवणं म्हणजे अविश्वास.” आई डळमळली आहे. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : सुई एक दिवसही बंद करू नका. अशा मधुमेहात इन्सुलिन थांबलं की एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साठायला लागतं. उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास, मग बेशुद्धी. ही लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय गाठा. फिट्सच्या गोळ्या अचानक सोडल्या तर फिट थांबेनाशी होऊ शकते. क्षयाची औषधं मधेच सोडली तर जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात. मनाच्या आजाराच्या गोळ्यांनाही हेच लागू आहे, आणि विश्वासाच्या नावाखाली सर्वांत आधी त्याच बंद केल्या जातात.

त्या भावांना शास्त्रातूनच उत्तर देता येईल. हिज्कीया राजाला देवानं पंधरा वर्षं वाढवून दिली, तरी यशयानं गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला (यशया ३८:२१). पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३). पौलासोबत फिरणारा लूक स्वतः वैद्य होता. आणि सगळ्यांत महत्त्वाचं : येशूनं कुष्ठरोग्याला बरं केलं तेव्हा त्याला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला पाठवलं (मार्क १:४४), कारण त्या काळी ती तपासणी याजक करत. बरं झालो असं वाटत असेल तर आईनंही तसंच करावं. प्रार्थना करावी, डॉक्टरांकडे तपासणी करावी, आणि औषध कमी करायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. मिशनऱ्यांनी इथे रुग्णालयं बांधली ती काही विश्वास उडाल्यामुळे नव्हे, डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं तेही सुवार्तेचंच काम म्हणून.

याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना जरूर करून घ्या. कॅथलिक घरांत हा संस्कार फक्त मरणाच्या दारी घ्यायचा अशी समजूत अजून आहे. तसं नाही. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी तो घेता येतो आणि आजार वाढला तर पुन्हाही घेता येतो.

प्रश्न : आमच्या मंडळीतल्या एका जोडप्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा अपघातात गेला. भेटायला जायचं आहे, पण काय बोलावं कळत नाही. – एक कुटुंब, नाशिक

उत्तर : काय बोलू नये ते आधी सांगतो. “देवाची इच्छा.” “चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात.” “रडू नका, तो प्रभूजवळ आहे.” शेवटचं वाक्य आपल्या श्रद्धेत खरं आहे, पण रडणं थांबवण्यासाठी ते वापरायचं नसतं. आपण लाजराला थोड्याच वेळात उठवणार हे येशूला माहीत होतं, तरी तो कबरीच्या वाटेवर रडला (योहान ११:३५). १ थेस्सलनी ४:१३ दाखवून लोकांना गप्प केलं जातं. तिथे आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असं म्हटलंय, शोकच करू नका असं नाही. पंडिता रमाबाईंचंही उदाहरण देऊ नका. १९२१ मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली, एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या, आणि तेवढ्या अवधीतही बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. मोठंच आहे ते. पण ताज्या दुःखातल्या आईला त्यातून फक्त “तुम्हीही असं करून दाखवा” एवढंच ऐकू येतं.

ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले (२:१३). तोंड उघडलं तेव्हा बिघडलं. तुम्ही वीस मिनिटं बसा. मुलाचं नाव घ्या. ते टाळणं आई-बापांना सर्वांत जास्त लागतं. प्रार्थना त्यांना विचारूनच करा, आणि दोन मिनिटांत संपवा.

कामं मात्र भरपूर असतात. एकानं दाराशी बसून येणाऱ्यांचं पाहावं, म्हणजे आईला प्रत्येकाला सगळी हकीकत पुन्हा सांगावी लागणार नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. दाखल्याच्या चार-पाच प्रती काढा. अपघात असल्यामुळे पोलिसांचे कागद आणि शवविच्छेदनाचा अहवाल विम्याच्या दाव्यासाठी लागतील. ते आणायला बापाला एकट्याला पाठवू नका. गर्दी दुसऱ्या आठवड्यात ओसरते, म्हणून तुमची खरी गरज तिसऱ्या आठवड्यापासून. मुलाचा वाढदिवस, पहिला नाताळ आणि दोन नोव्हेंबरचा मृतांचा स्मरणदिन आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि एक विनंती पाळकांनाही : वर्षभर तरी या आई-बापांना व्यासपीठावर साक्ष द्यायला बोलावू नये.

प्रश्न : नवरा पिऊन मारतो. मंडळीतल्या वडिलधाऱ्यांनी पौलाच्या देहातला काटा (देवानं दूर न केलेला त्याचा त्रास) दाखवला आणि म्हणाले, “कृपा पुरेशी आहे, सहन कर.” मला भीती वाटते. – एक भगिनी, मराठवाडा

उत्तर : त्या वडिलधाऱ्यांनी २ करिंथचा अध्याय १२ उघडण्याआधी पान उलटून ११चा शेवट वाचायला हवा होता. तिथे पौल दिमिष्क शहरात पकडला जाणार असतो आणि टोपलीत बसून भिंतीच्या खिडकीतून खाली उतरून निसटतो (२ करिंथ ११:३२-३३). काट्याबद्दल लिहिणारा हाच माणूस. फटके मारायला बांधलं तेव्हा त्यानं रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला (प्रे. कृत्ये २२:२५). जे टाळता येईना ते त्यानं सोसलं, जिथे वाट होती तिथे वाट धरली. दुसऱ्याचा हात म्हणजे तुमच्या देहातला काटा नव्हे.

आज मारहाण चालू असेल तर ११२. सल्ला आणि आसरा हवा असेल तर महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ प्रमाणे तुम्हाला त्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश मागता येतो. तालुक्याला किंवा जिल्ह्याला संरक्षण अधिकारी असतात. लागलं असेल तर डॉक्टरांना खरं कारण सांगा आणि केसपेपर जपा. आधार कार्ड, बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले, थोडे पैसे आणि कपड्यांचा एक जोड अशी पिशवी विश्वासू शेजारणीकडे ठेवा. निघणार आहात हे नवऱ्याला आधी सांगू नका, कारण धोका त्याच वेळी वाढतो. क्षमेबद्दल कुणी विचारलं तर सांगा की क्षमा वेगळ्या छपराखाली राहूनही करता येते.

प्रश्न : रात्री तीनला जाग येते आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. परवा वाटलं, देवानं उचलून न्यावं. विश्वासणाऱ्याच्या मनात हे यावं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. एलीया संदेष्ट्याच्याही मनात ते आलं होतं, आणि तेही कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर (१ राजे १९). झुडपाखाली बसून त्यानं मरण मागितलं. देवानं त्याला रागावलं नाही की उपदेशही केला नाही. झोप दिली, देवदूताकडून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. चाळीस दिवसांची चाल, मंद वाणी, नवं काम आणि अलीशाची सोबत हे सगळं त्यानंतर. आधी शरीर, मग बोलणं.

म्हणून आधी हे. “देवानं न्यावं” असं मनात येतं हे आजच घरातल्या एका माणसाला तोंडी सांगा. जीव संपवण्याचा विचार किंवा बेत मनात असेल तर रात्र उजाडायची वाट पाहू नका : टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलतो. नाहीतर जवळच्या रुग्णालयात जा, आणि एकटे राहू नका. झोपमोड आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त चालली असेल तर डॉक्टरांना दाखवाच. छातीचं दडपण नवं असेल, घाम येत असेल, हात किंवा जबडा दुखत असेल तर ते मनाचं आहे असं धरून बसू नका, लगेच तपासा.

बाकी रात्रीसाठी : दुपारी तीननंतर चहा नको, फोन दुसऱ्या खोलीत. जाग आली तर घड्याळ पाहू नका. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद दिव्यात बसा आणि स्तोत्र ४ वाचा, आठवं वचन निर्धास्त झोपण्याचं आहे. श्वास घेताना अर्धं, सोडताना अर्धं, असं दहा वेळा म्हणा. त्या वेळी लांब प्रार्थना करू नका. रात्री तीनच्या लांब प्रार्थनेत काळजीच पुन्हा पुन्हा घोळते. मनात येणारी नावं आणि कामं कागदावर उतरवा आणि त्यांची प्रार्थना सकाळी सातला करा. हे सगळं केल्यावर लगेच हलकं वाटेलच असं नाही. गेथशेमानेत देवदूतानं येऊन येशूला शक्ती दिली, आणि लूक लगेच पुढे सांगतो की तो अधिक व्यथित होऊन प्रार्थना करू लागला (२२:४३-४४). शक्ती आली होती, वेदनाही होती.

प्रश्न : पत्नी गेल्यापासून उपासनेत गीत सुरू झालं की रडू येतं. लोक वळून बघतात. काही दिवस घरीच ऑनलाइन उपासना पाहिली तर चालेल का? – एक ज्येष्ठ वाचक, पुणे

उत्तर : काका, दोन-तीन रविवार चालेल. त्याहून जास्त नको, पुढे जाणं अवघड होतं. परत जाल तेव्हा मागच्या बाकावर दाराच्या बाजूला बसा, गाऊ नका, इतरांना गाऊ द्या. वाटलं तर बाहेर जाऊन पाणी पिऊन या. प्रभुभोजनाला पुढे जाववत नसेल तर पाळकांना आदल्या दिवशी फोन करून सांगा, ते जागेवर आणून देतील.